सात नंबरची उजवी बाजू

आमच्या आत्याचा फोटो साहेबांनी भिंतीवर दाखवला तेव्हा त्या खोलीत ऑफिसातले सगळे बाप्ये बसले होते, आणि एकानंही मान खाली घातली नाही. आत्या म्हणजे माझी सासू. लग्न झाल्यापासून मी तिला आत्याच म्हणते. तिच्याशी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही. पण ते आमच्या चुलीपाशी. तिला भिंतीवर चढवायचा अधिकार मी कुणाला दिलेला नव्हता.

फोटो भलामोठा होता. कॅमेरा मांजरांसाठी लावलेला, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यामुळे सगळ्यात आधी दिसत होत्या आत्याच्या पिंडऱ्या. कपडा वर खोचलेला, मांडीपर्यंत चिखल, जळवांनी चावून चावून काळे पडलेले डाग. वाकून चालली होती ती, म्हणून तोंडही आलं होतं फोटोत, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं गाठोडं.

"ह्या तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

माझ्या नवऱ्यानं आत्याच्या वतीनं मान हलवली. कुठंही मान हलवायची असली की आमच्या घरात ते काम त्याच्याकडे असतं.

"गाठोड्यात काय होतं?"

आत्यानं खाली बघितलं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. खोलीतल्या लोकांनाही दिसले असणार, आणि त्यांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ लावला.

आमच्या तळ्याला चारी बाजूंनी पाणकणीस वाढतं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याची पात विळ्यानं कापायची, भारे बांधायचे, काठावर वाळत घालायचे आणि चटया विणायच्या, हे आमचं काम. माझ्या सासऱ्यानं केलं, त्याच्या बापानं केलं. कापायला आधी कुणाला विचारावं लागत नव्हतं. मग तळ्याकाठी वनखात्याचं ऑफिस आलं आणि पास आला. पास घेऊनच पाण्यात उतरायचं. तेही आम्ही ऐकलं. मग कॅमेरे आले. त्या पाणकणसात ठिपक्यांची रानमांजरं राहतात, दणकट, आखूड शेपटीची, पाण्यात पंजा मारून मासा उचलणारी. त्यांची मोजणी करायची म्हणून वाटेवाटेवर खुंट ठोकून कॅमेरे बांधले. समोरून काही हललं की फोटो निघतो. आमचे किती निघाले असतील कोण जाणे. खाजवताना, शिंकरताना, भांडताना.

"थांबा, नीट समजून घ्या," साहेब म्हणाले. ह्या साहेबांचं कुठलंही बोलणं 'थांबा'नंच सुरू होतं, म्हणून कापणारे सगळे त्यांना थांबासाहेब म्हणतात. "सात नंबरची मादी. दोन पिल्लं. कापणी सुरू होईपर्यंत ह्या कॅमेऱ्यासमोरून नेमानं जात होती. कापणी सुरू झाली आणि ती गायब. पिल्लंही गायब. आणि त्याच कॅमेऱ्यात ह्या बाई गाठोडं घेऊन."

"गाठोडं घेऊन चाललं की माणूस चोर होतो का?" मी म्हणाले.

"थांबा. तुम्हाला विचारलेलं नाही."

"मग मला बोलावलं कशाला? आवाज ऐकायचा नव्हता तर फोटोच बोलवायचा."

नवऱ्यानं माझ्या कोपराला चिमटा काढला. साहेबांनी एक कागद पुढं केला. पिल्लू नजरचुकीनं उचललं, ते हातात मेलं, माफी असावी, असं काहीतरी त्यात होतं. आत्यानं त्यावर अंगठा द्यायचा. दिला की पोलिसांत जाणार नाही, आणि काढून घेतलेला पास परत मिळेल. नाही दिला तर चौकशी होईपर्यंत आमचं पाण्यात उतरणं बंद.

"विचार करून सांगतो," नवरा म्हणाला.

"विचार काय करायचाय?" मी म्हणाले. "जे उचललंच नाही ते नजरचुकीनं तरी कसं उचललं?"

खिडकीपाशी एक पोरगी बसली होती, लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिला आम्ही फोटोवाली म्हणायचो. सगळे फोटो बघून कुठलं मांजर कुठलं ते तीच ओळखायची. ती साहेबांकडे बघून काहीतरी म्हणायला गेली. साहेबांनी हात वर केला आणि ती गप्प बसली. मला तिचा रागच आला तेव्हा.

आता गाठोड्यात काय होतं ते सांगते, कारण मला ते ठाऊक होतं. आत्यानं जन्म काढला पाण्यात उभं राहून आणि डोक्यावर ओले भारे वाहून. त्यात सहा बाळंतपणं. पहिल्या बाळंतपणापासून ओटीपोटात दुखत होतं म्हणते, पण गेल्या काही वर्षांत तिला लघवी थांबत नाही. खोकली, शिंकली, ओझं उचललं की कपडा भिजतो. पाण्यात उभी आहे तोवर कुणाला काही कळत नाही. सगळेच ओले. म्हणून तर ही म्हातारी कडाक्याच्या थंडीतही सगळ्यांच्या आधी पाण्यात आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर. लोक म्हणतात, काय कामसू बाई. काठावर आलं की मात्र दाट पाणकणसात आत जायचं, आतलं फडकं बदलायचं आणि ओलं गुंडाळून घरी आणायचं. ते मी धुते. आमच्या घरात ही गोष्ट तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक. तिच्या मुलालाही नाही.

ऑफिसातून परतताना नवरा पुढं चालत होता. आत्यानं माझा दंड धरला.

"बोललीस तर बघ," ती म्हणाली.

"काय बोलले?"

"तुझं तोंड मला माहीत आहे. ते उघडलं की आधी आवाज येतो, मग अक्कल. हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या पोराला तर नाहीच."

"मग काय, चोर म्हणवून घेणार?"

"चोर म्हटलं तर माणसं चार दिवस बोलतात. हे कळलं तर मी मरेपर्यंत नाकाला फडकं लावून बसतील शेजारी. मी देते अंगठा."

"देऊन तर बघ."

"माझा अंगठा आहे."

"आणि नाव आमच्या घराचं आहे," मी म्हणाले. "मी पण त्याच घरातली आहे, तू विसरतेस."

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. खरं माहीत आहे, एका वाक्यात सगळं मिटेल, आणि ते वाक्यच बोलायचं नाही.

काम बंद झालं. आमच्या दारातून समोर तळं दिसतं. बाकीचे कापत होते, विळ्यांचा चर्र चर्र आवाज दारापर्यंत यायचा, आणि आम्ही तिघं बसून मागच्या हंगामाच्या उरलेल्या पातीच्या चटया विणत होतो. जुनी पात हातात मोडते. बोटं कापतात. पाणकणसाचं असं आहे की त्याच्या कणसाचा कापूस फुटून उडायला लागला की संपलं. मग पात ठिसूळ होते, चटईला दुमडलं तरी तडा जातो. कापूस फुटायच्या आत कापून घ्यायचं. आत्या विणता विणता सारखी कणसांकडे बघायची. बाहेर बसून राहिल्यामुळे तिचे हालच होते. फडकं बदलायला सारखी आत उठायची, आणि नवरा विचारायचा, "आई, सारखी आत काय जातेस?" ती म्हणायची, "उंदीर बघते."

नळावर गेले तर तिथं काठावरची सगळी बायकामंडळी. कालपर्यंत माझ्याकडून मीठ-मिरची उसनी नेणारी एक बाई मला म्हणते, "कितीला गेलं गं पिल्लू?"

"तुझा नवरा विकला तर येतील त्यापेक्षा जास्तीला," मी म्हणाले.

बाकीच्या हसल्या, पण माझी घागर भरेपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. एकीनं आपली बादली माझ्या घागरीपासून जरा लांब सरकवली. मी ते बघितलं आणि तिनंही मी बघितल्याचं बघितलं.

फोटोवाली घरी आली ती भर दुपारी, घामानं निथळत. मी दारातच उभी राहिले. या म्हणाले नाही.

"आत येऊ का?" तिनं विचारलं.

"गाठोडी बघायची असतील तर कोपऱ्यात आहेत. मोजून घे."

"ताई, चोरी झाली असं मी मानत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी अहवाल आधीच वर पाठवलाय. आता मागं घ्यायचा म्हणजे त्यांची मान खाली."

आत्यानं आतून पाणी पाठवलं. पाणी प्यायली तशी पोरगी जरा माणसात आली. तिनं लॅपटॉप उघडला आणि चटईवर ठेवला. मांजराचे फोटो. काळेपांढरे, पण स्वच्छ.

"हे ठिपके बघा. प्रत्येकीचे वेगळे. तुमच्या आमच्या अंगठ्यासारखे. त्यावरूनच ओळखायचं. ही सात नंबर." तिनं बोट ठेवलं. "खांद्यामागं तीन ठिपके जोडून पट्टी झालीय. ही तिची उजवी बाजू. आमच्याकडे सात नंबरचे जेवढे फोटो आहेत तेवढे उजव्या बाजूचे."

"मग?"

"आता ही बघा. कापणी सुरू झाल्यावर आली. हिला आम्ही अकरा नंबर दिला. नवीन मादी. हिची डावी बाजू आहे. हिचे सगळे फोटो डाव्या बाजूचे."

मी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. ठिपके अजिबात जुळत नव्हते. तसं मी तिला सांगितलं.

"जुळणारच नाहीत," ती म्हणाली. "मांजराच्या दोन बाजू सारख्या नसतात. उजवीवरून डावी ओळखता येत नाही. खुंटावर एकच कॅमेरा, म्हणून एका वेळी एकच बाजू. आम्ही लोक ही चूक करतो, एकाच मांजराला दोन नंबर देतो. मला वाटतं सात आणि अकरा ही एकच आहे. आधी ती वाटेच्या ह्या बाजूला राहायची, इथं कापणी झाल्यावर पिल्लं घेऊन पलीकडं गेली. म्हणून आता उलट दिशेनं जाते. येताना पाण्याच्या कडेनं येते, कॅमेऱ्यासमोरून नाही."

"मग हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, थांबा, अंदाज नको. पुरावा आणा."

मला हसू आलं आणि रागही आला. एका भाटीचं, म्हणजे मांजरीचं, एक अंग दिसलं नाही म्हणून ती मेली, आणि ती मेली म्हणून माझी सासू चोर. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुईवर नेमकी आमचीच झोपडी.

"तिला फिरवलं की झालं ना?" मी म्हणाले. "त्याच जागी जरा वळली की दोन्ही बाजू येतील."

"ताई, तसं काही करू नका," ती म्हणाली. पण ती गेल्यावर मी केलंच. पास नसल्यानं पाण्यात उतरायची बंदी होती, वाटेनं चालायची नव्हती. घरातली सुकी मासळी घेतली, कॅमेऱ्यासमोर काठीला बांधली, आणि आले. मांजर हुंगायला थांबेल, गोल फिरेल, असा माझा हिशेब. पुढच्या खेपेला फोटोवाली आली तेव्हा तिला हसू आवरेना. कॅमेऱ्यात आलं होतं ते एक बगळा, नळावरच्या त्या बाईचं कुत्रं, आणि मासळी बांधताना पाठीमागून मी. माझाच ढुंगणाकडचा भाग भलामोठा. आत्यानं तो फोटो मागून घेऊन बघितला आणि किती दिवसांनी हसली.

"हिला नंबर दिला का?" तिनं विचारलं.

"असं खाणं ठेवलं तर ते फोटो धरत नाहीत," फोटोवाली म्हणाली. "मी दुसरा कॅमेरा आणते. एक मोडका पडलाय, त्याचं झाकण लागत नाही. समोरासमोर बांधू. एकदा जरी ती मधून गेली तरी दोन्ही बाजू एकाच क्षणी येतील. साहेबांना विचारलं तर थांबा म्हणतील, म्हणून विचारत नाही."

तेव्हा पहिल्यांदा मला ती पोरगी आवडली.

झाकण आम्ही पातीच्या दोरीनं बांधलं. दोरी वळायचं काम आत्याचं. खुंट मी ठोकला. फोटोवाली वाकून वाकून बघत होती, हा ह्याच्या नजरेला नजर देतोय ना म्हणून. मग वाट बघण्यावाचून हातात काही राहिलं नाही.

आणि मांजर येईना. म्हणजे कुठूनतरी जात असेल, पण कॅमेऱ्यांच्या मधून जाईना. आम्ही खुंट ठोकताना जो गोंधळ घातला त्यानं बिचकली असेल. फोटोवाली रोज येऊन बघायची आणि मान हलवायची. तिकडं वारा सुटला. काठावरच्या उन्हातल्या कणसांचा कापूस फुटला आणि आमच्या अंगणात येऊन पडायला लागला. नवरा तो कापूस हातात घेऊन चोळायचा. बोलायचा नाही. न बोलणाऱ्या माणसाचं मन कुठं चाललंय हे बायकोला कळतं, पण तो इतक्या लवकर तिथं पोचेल असं मला वाटलं नव्हतं.

नळावरून आले तर दार लोटलेलं. आत आत्या पाटावर बसलेली, नवरा तिच्या पुढ्यात उकिडवा. मध्ये तो कागद, आणि शाईची डबी उघडी. ऑफिसच्या शिपायाकडून आणलेली. आत्याचा अंगठा निळा झालेला होता. कागदावर अजून टेकला नव्हता.

"मी घागर खाली ठेवायच्या आत तो अंगठा पुसायचा," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस," नवरा म्हणाला. असं तो कधी बोलत नाही. "आई तयार आहे. माझी आई आहे. पात वाया चाललीय, तुला दिसत नाही?"

"दिसते. आईच्या अंगठ्यावर पात कापून आणणार आणि ती चटई विकणार. तिच्यावर झोपणाऱ्याला झोप लागेल, तुम्हाला लागेल का?"

"मग तिनं सांगावं ना गाठोड्यात काय होतं! मी किती वेळा विचारलं. सांगत का नाही? मला तरी..."

आणि मला कळलं की त्यालाही शंका आहे. पोटच्या पोराला. आत्यालाही ते त्याच क्षणी कळलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड उघडलेलंच होतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं. आत्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मी शब्द गिळला. पण हात गिळायचं वचन मी दिलं नव्हतं. डबी उचलली आणि घागरीत पालथी घातली. नळावर तासभर उभं राहून आणलेलं पाणी निळं झालं. मग कागद घेतला आणि त्याच पाण्यात बुडवला.

"आता हे पाणी साहेबांना नेऊन द्या," मी नवऱ्याला म्हणाले. "सांगा, आमच्या घरानं एवढंच लिहून दिलंय."

तो उठून बाहेर गेला. आत्या अंगठा चोळत बसली. चोळून चोळून कातडी निघेल असं वाटलं, पण शाई निघेना. मी राखेनं घासून दिला. ती म्हणाली, "माझ्या पोराला वाटतं मी चोरलं." मी म्हणाले, "तुझा पोरगा बावळट आहे, मी लग्नापासून सांगतेय." त्यावर ती भांडली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाली चालत नाही, पळत आली. दम लागला होता. तिनं लॅपटॉप उघडला आणि शेजारी शेजारी दोन फोटो लावले. एकाच क्षणाचे. डावीकडचा एका खुंटावरून, उजवीकडचा समोरच्या. मध्ये भाटी. तोंडात मासा. एका फोटोत खांद्यामागं तीन ठिपके जोडून पट्टी, सात नंबर. दुसऱ्या फोटोत अकरा नंबर. मांजर एकच. आणि तिच्या मागं गवतातून दोन पिल्लं, एक चालत, एक तिच्या शेपटीला तोंड लावायला धडपडत. दोन्ही धडधाकट.

"आली बाई," आत्या म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "अगं, बघू दे नीट. किती वाळलीय. दोन-दोन पोरं आणि आम्ही घर उठवलेलं तिचं."

ऑफिसात गेलो ते सगळे गेलो. नवराही मागून आला, दोन हात लांब. खोलीत तेच लोक, तीच भिंत. फोटोवालीनं फोटो लावले आणि सगळं नीट सांगितलं. ती कुठंही थांबली नाही. साहेबांनी ठिपके मोजले. दोनदा मोजले. माणूस वाईट नव्हता तो, हे मला सांगितलंच पाहिजे. चूक दिसल्यावर त्यानं डोळे मिटले नाहीत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सात आणि अकरा एकच. मी वर कळवतो. पिल्लं सुखरूप आहेत, आनंदाची गोष्ट आहे. तुमचा पास घेऊन जा. उद्यापासून उतरा. विषय संपला."

शिपायानं पास आणून दिला. नवऱ्यानं दोन्ही हातांनी घेतला. बाकीचे लोक उठायला लागले. सुंठीवाचून खोकला गेला असं सगळ्यांना वाटत होतं. मी पण उठले होते. आत्या उठली नाही.

"माझा फोटो कुठं आहे?" तिनं विचारलं.

"असेल त्यात. आता त्याची गरज नाही."

"पुसून टाकणार?"

"थांबा. फोटो पुसता येत नाही. निघालेला प्रत्येक फोटो ठेवावा लागतो, नियम आहे. पण कुणी बघणार नाही."

"तुम्ही सगळ्यांनी बघितला," आत्या म्हणाली. "लाव गं पोरी."

फोटोवालीनं साहेबांकडे बघितलं, मग लावला. पुन्हा त्या पिंडऱ्या भिंतीवर आल्या, चिखल, गाठोडं. फोटोच्या खाली एक ओळ होती. मांजरांच्या फोटोखाली असते तशी, कोण, कुठली बाजू, काय करते आहे.

"खाली काय लिहिलंय?"

कुणी वाचेना. शेवटी फोटोवालीनं वाचलं. "महिला. उजवी बाजू. पिल्लू चोरून नेताना."

"ते खोडायचं," मी म्हणाले.

"हो हो, खोडू," साहेब म्हणाले. "त्या जागी 'काही नाही' असं लिहा."

"काही नाही कसं?" आत्या म्हणाली. "हातात गाठोडं आहे. उद्या दुसरा साहेब येईल, फोटो बघेल, आणि विचारेल की गाठोड्यात काय. मग पुन्हा माझ्या सुनेला भांडावं लागेल. काय होतं ते लिहा."

ती उभी राहिली. उभी राहताना जोर लावावा लागला आणि काय झालं ते मला कळलं, कारण तिनं माझा हात घट्ट धरला. मी तिच्या पुढं सरकायला गेले, कपडा दिसू नये म्हणून. तिनं मला बाजूला केलं.

"मला लघवी थांबत नाही," ती म्हणाली. नळावर बोलतात त्या आवाजात. "बरीच वर्षं झाली. तुमच्या तळ्यात उभं राहून झालं, आणि सहा लेकरं जन्माला घालून झालं. त्यातला एक हा उभा आहे. गाठोड्यात माझं ओलं फडकं होतं. हिच्याकडे धुवायला नेत होते. लिही पोरी. 'कापणारी बाई. उजवी बाजू. मुतलेलं फडकं घरी नेताना.'"

खोलीत आता सगळ्यांच्या माना खाली होत्या. नवऱ्याच्या हातातला पास चुरगळला होता. "आई," तो म्हणाला. आत्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी रडत होते आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

फोटोवालीनं जुनी ओळ खोडली. बोटं कीबोर्डवर ठेवली.

"थांबा," साहेब म्हणाले. "असले शब्द अहवालात..."

"तू लिही गं," आत्या म्हणाली.

तिनं लिहिलं.